सागवानावर सागवानाचा फोटो

ओट्याखालची जुनी सागवानी कपाटं ‘आउटडेटेड’ ठरली की त्यांच्या दारांवर १ मिलिमीटरचा सनमायका चढवायचा ठराव घरात मंजूर होतो. आणि कॅटलॉग चार दिवस चाळून निवडलं जातं काय, तर ‘नॅचरल टीक’! त्यावरच्या रेषा म्हणजे मेलामाइनमध्ये भिजवलेल्या कागदावरची छपाई. थोडक्यात, खऱ्या लाकडावर लाकडाचा फोटो डकवायचा आणि वर मजुरी द्यायची. कुणी म्हणेल, जुनी दारं चिकट होतात, लोंबतात. होतात की! पण फोडणीचा चिकटा साबणाच्या कोमट पाण्याने आणि पॉलिश पेपरने निघतो, आणि बहुतेक वेळा सैल झालेली असते ती बिजागरी. बिचारं लाकूड उगाच बदनाम. मग ‘सगळंच काढून मॉड्युलर करा’ हा पुढचा सल्ला. सागवानात अंगचं तेल असतं, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. उलट मॉड्युलरमध्ये अनेकदा असतो तो पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा नि गोंद, सिंकखालचा पाइप गळला की पुरीसारखा टम्म फुगतो. एक मात्र कबूल: ड्रॉवरला नवं चॅनेल बसवावंच. पावसाळ्यात जुना ड्रॉवर ओढला की आधी हळदीचा डबा बाहेर येतो, ड्रॉवर नंतर.