तिघांपैकी दोघांच्या सह्या

(बिबवेवाडीतील एका जुन्या सहकारी गृहरचना संस्थेचे जिन्याखालचे कार्यालय. टेबलावर कोरा धनादेश आणि साय धरलेला चहा.)

निवृत्त अव्वल कारकून : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ७० व्या कलमात तुझ्या बिटकॉइनला जागा नाही, हे उभा जन्म दस्त नोंदवण्यात घालवलेल्या मला पुरते ठाऊक असूनही, निव्वळ जिज्ञासेपोटी विचारतो : अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्यांवाचून छदामही हलू नये, अशी अट त्यात घालता येते काय?

संगणक अभियंता : येते, काका. पूर्वी ती अट रक्कम जमा होतानाच जगजाहीर होई. २०१२ पासून तिचा केवळ ठसा नोंदवता येऊ लागला. अट उघडी पडे ती खर्चाच्या वेळी. पण पडे ती समग्र, न वापरलेल्या कलमांसकट.

कारकून : म्हणजे ‘दोघांचे न जुळल्यास वर्षानंतर वकिलाची एकट्याची सही चालेल’ हे कलम मी दूरदृष्टीने घालावे, आणि टँकरवाल्याचे बिल चुकते करताच आमच्या संभाव्य बेबनावाची वर्दी त्रिखंडात जावी?

अभियंता : म्हणून तर नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनमध्ये टॅपरूट नावाची सुधारणा आली. आता एकेक कलम जणू स्वतंत्र लखोट्यात. वापराल तेवढाच लखोटा फुटतो. सगळेच राजी असतील तर एकही नाही : तिघांच्या सह्यांची मिळून एकच सही होते, आणि पाहणाऱ्याला वाटते, कुणा एकाच इसमाने पैसे दिले.

कारकून : तिघे राजी! गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपासून अध्यक्ष आणि खजिनदार एका लिफ्टने उतरत नाहीत.

अभियंता : मग लखोटा फोडणे आले, आणि तो फुटला यावरूनच तर्क निघतो, की सगळ्यांचे जमले नसावे. सोबतच्या पुराव्याच्या लांबीवरून उरलेल्या लखोट्यांचाही अदमास लागतो. वर शुल्क जास्त.

कारकून : भांडणावर मुद्रांक शुल्क! आमच्या खात्याला हे कधी सुचले नाही.

अभियंता : यावर तोड आहे. फ्रॉस्ट नावाच्या पद्धतीत तिघांपैकी कोणतेही दोघे मिळून एकच सही करतात. ते दोघे कोण, हे सहीवरून कळत नाही.

कारकून : (कप खाली ठेवून) हिशेबतपासनिसालाही?

अभियंता : सहीवरून तरी नाही.

कारकून : (दार लोटून घेत, दबल्या आवाजात) हे खजिनदाराच्या कानावर जाता कामा नये. मागल्या साली पाण्याच्या पंपाचे दोनदा पैसे गेले, ते दुसऱ्या धनादेशावरच्या सह्या पाहूनच तर सापडले.

खजिनदार : (दार ढकलीत) फ्रॉस्ट म्हणालात ना? वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊन टाकू या!