शयनावस्थेतली सेडान

२०१० च्या ऑक्टोबरात आमच्या गावानं, तेव्हाच्या औरंगाबादनं, एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा आमचे दाजी नेमके लातूरला एका लग्नात पंगत वाढत होते. हे शल्य त्यांच्या मनातून गेलं नाही ते नाहीच. ६५ कोटींचा सौदा. त्यातला मोठा हिस्सा स्टेट बँकेनं सात टक्क्यांनी कर्जाऊ दिला. ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणारा शेतकरी याहून कितीतरी चढं व्याज भरतो, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आणि देशभर गाजलं. दाजी मोंढ्यात आडत करतात, रोज शेतकऱ्याशी गाठ, त्यामुळे साईनाथांचं म्हणणं त्यांना पटलं. मर्सिडीज त्याहून जास्त पटली होती, एवढंच.

ज्याची मर्सिडीज हुकते त्याला पुढंमागं सेकंडहँड हायब्रिड गाठतेच. दाजींची सेडान पुण्याच्या एका डॉक्टरांकडून आली. ‘डॉक्टरची गाडी, सिंगल ओनर’ हे एजंटाचे शब्द आपल्याकडे आयएसआय मार्कासारखे चालतात. कंपनीचं नाव लिहू नकोस, असा ताईचा हुकूम आहे. नवी असताना ही गाडी पस्तीस लाखांच्या घरातली. दाजींना सहा लाखांत पडली. इतकी स्वस्त कशी, हे विचारायचं भान घरात कुणाला राहिलं नाही, कारण सगळे मागच्या सीटचं कातडं चाचपून बघत होते.

कारण उघड होतं. २०१५ मध्ये सरकारनं हायब्रिडला अनुदान दिलं आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा सेससकट ४३ टक्के कर लावला. नव्या गाड्या महागल्या, गिऱ्हाईक पांगलं. जुन्यांना बॅटरीच्या धास्तीनं कुणी हात लावेना. मोंढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट कळायला हवी होती: गाडीचा भाव उतरतो, स्पेअर पार्टचा उतरत नाही. सहा लाखांना घेतलेली गाडी दुरुस्त मात्र पस्तीस लाखांचीच करावी लागते.

तर मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही खुलताबादला निद्रिस्त भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालो. दाजी, ताई, ताईच्या सासूबाई आणि मी. सिडकोतून निघून क्रांती चौकापर्यंत दाजींनी हायब्रिडचं तत्त्वज्ञान सांगितलं. सिग्नलला इंजिन बंद, हळू चालताना बॅटरीवर, ब्रेक मारला की चाकातली ताकद परत बॅटरीत. “म्हणजे ब्रेक मारला की पैसे जमा,” दाजी म्हणाले आणि पैसे जमा करत सुटले. सासूबाईंचं डोकं दर पन्नास पावलांवर पुढच्या सीटला टेकत होतं. त्या दर वेळी “मारुतीराया” म्हणायच्या.

बॅटरीवर गाडीचा आवाज अजिबात येत नाही. जर्मनीत हा गुण असेल. छावणीत एक म्हैस आमच्या बॉनेटला पाठ लावून उभी राहिली आणि तिला आपल्यामागं पस्तीस लाख उभे आहेत याचा पत्ताच नव्हता. हॉर्न दाजी वाजवत नाहीत, लक्झरी गाडीला शोभत नाही म्हणून. शेवटी ताईनं काच खाली करून “हुर्र्र” केलं. पडेगावच्या पुढं एका सायकलवाल्यानं मागं वळून बघितलं तो इतका दचकला, की शरणापूर येईपर्यंत तो रस्त्याच्या मधूनच चालला आणि आम्ही त्याच्या मागून.

वाटेत दाजींनी बिडकीनची गोष्ट काढली. टोयोटानं ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकारशी करार केला, वीस हजार कोटींचा कारखाना, हायब्रिड आणि विजेच्या गाड्या इथंच होणार. “मग पार्ट घरपोच,” दाजी म्हणाले. त्यांची गाडी त्या कंपनीची आहे की नाही याचा या आनंदाशी संबंध नव्हता. शेंद्र्याला स्कोडा सुरू झाली तेव्हाही ते असेच खूश झाले होते, आणि तेव्हा त्यांच्याकडं बजाजची स्कूटर होती.

दौलताबादला किल्ल्याच्या तटबंदीतल्या दरवाजातून रस्ता जातो. सुलतानांच्या काळात तो हत्तींना पुरला असेल. शनिवारच्या पर्यटकांना पुरत नाही. समोरून लक्झरी बस, मागून टेम्पो, मधे आम्ही. ऊन रणरणत होतं, एसी फुल, आणि मागच्या सीटच्या बाजूनं एक पंखा घोंगावायला लागला. सासूबाईंनी “याच्यातून गार वारा येत नाही, उलट आत ओढतोय” अशी तक्रार केली आणि आपली पिशवी त्या जाळीवर टेकवली. थोड्या वेळानं डॅशबोर्डवर लाल त्रिकोण उगवला. हायब्रिड सिस्टीम तपासा, गाडी सुरक्षित जागी थांबवा. सुरक्षित जागा म्हणजे दरवाजाच्या बरोबर कमानीखाली.

“आता कामून थांबली ही?” दाजींनी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. म्हणजे बंद केली, तेवढीच झाली.

मराठवाड्यात गाडी बंद पडली की माणसं कुठून येतात हे एक कोडंच आहे. पेरू विकणारा आला, रसवंतीवाला आला, बसमधले क्लीनर उतरले. सगळ्यांचं एकच म्हणणं: “काका, गाडी गिअरमधे टाका, धक्का देतो.” दाजी बॉनेटसमोर हात पसरून उभे. “धक्का नको! हिला क्लच नाही! चाकं मोटरला जोडलीयत!” हे ऐकून गर्दीला दाजींची जास्त काळजी वाटली. ज्या गाडीला धक्का चालत नाही ती गाडीच कशी, असा प्रश्न रसवंतीवाल्यानं विचारला. मला त्याचं उत्तर सुचलं नाही. शेवटी न्यूट्रल करून, पाच-सहा जणांनी, कडेपर्यंत, हळूहळू, असा तह झाला.

लाइट आणि इंडिकेटर तासभर लुकलुकत राहिले तेव्हा छोटी बारा व्होल्टची बॅटरीही गेली. ती डिकीत. डिकी उघडते बटणावर. बटण चालतं त्याच बॅटरीवर. मागची सीट पाडून आतून शिरावं तर सीटमागं मोठी हायब्रिड बॅटरी ठाण मांडून बसलेली. पाणी, नारळ, रुईच्या पानांचा हार, सगळं डिकीत. रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली असते, ती सापडली. तिचं छिद्र नंबरप्लेटच्या वरच्या पट्टीआड होतं, तेही सापडलं. त्यात पुण्यापासूनची धूळ बसली होती. पेरूवाल्यानं खोबरेल तेलाचे थेंब सोडले तेव्हा कुठं डिकी उघडली. रुईचा हार तोवर सुकला होता.

१३२७ मध्ये तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं आणली आणि पुढं परतही नेली, म्हणून त्याला आपण वेडा ठरवतो. आम्हाला एक सेडान परत नेता येत नव्हती. फ्लॅटबेड यायला दुपार टळली. निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला निघालेली गाडी किल्ल्याच्या पायथ्यालाच शयनावस्थेत गेली होती, आणि सासूबाईंनी तिलाच हार घातला.

सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावून कोड काढला आणि अख्खी बॅटरी बदलायचं एस्टिमेट दिलं. रक्कम वाचून दाजींनी सवयीनं विचारलं, “ठोकमध्ये काय भाव पडेल?” तिथल्या टायवाल्या मुलाला हा प्रश्न नवा होता.

मग गाडी शहागंजच्या बाजूच्या एका उस्तादाकडं गेली. त्यानं आधी रबरी हातमोजे घातले, सर्व्हिस प्लग उपसला, नारिंगी वायरींपासून पोराटोरांना लांब हाकललं. मग मागच्या सीटजवळची ती जाळी काढली. पंख्याच्या तोंडावर केस आणि धुळीचा करडा थर, त्यात शेंगदाण्याची सालं, एक एसटीचं तिकीट आणि अर्धवट चघळलेली आवळा सुपारी. “सेठ, इसको सांसच नै मिल री थी,” तो म्हणाला. बॅटरीत सेलची ओळ असते. दोन-चार कमजोर निघाले की बाकीच्यांनाही ओढतात. कमजोर तेवढे त्यानं बदलले. मुंबईहून एका ठोकलेल्या गाडीचे मागवून. किती दिवस टिकतील, या प्रश्नावर त्यानं वर बोट केलं.

दाजींनी आता गाडीत शेंगदाण्याला बंदी केलीय. काढलेल्या जुन्या सेलच्या पेट्या ‘लागतील कधीतरी’ म्हणून आडतीत, हरभऱ्याच्या पोत्यांशेजारी रचल्यात. आणि गाडीच्या ब्रेकमधून हल्ली घर्र असा आवाज येतो, तो पंपाचा आहे म्हणे. त्याचा भाव दाजींनी अजून विचारलेला नाही.

पुढच्या शनिवारी ताई आणि सासूबाई मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीनं खुलताबादला जाऊन, दर्शन घेऊन, दुपारच्या जेवणाला परत. दाजी गेटशी उभे होते.

“किती पडलं?”

“अर्धं तिकीट,” ताई म्हणाली. “आत्याबाईंना तेही नाही. आणि दाणे खाऊ देतात.”