माफीची पंगत

अमेरिकेत दिवाळं काढायची सोय उत्तम. क्रेडिट कार्ड थकलं, हॉस्पिटलचं बिल डोक्यावर बसलं, तर कोर्टात जाऊन हात वर करायचे. अटलांटिक सिटीतला 'ताजमहाल' कॅसिनो १९९० मध्ये वाजतगाजत उघडला आणि पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेला. मालकांचं काही बिघडलं नाही; ते पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले.

पण या माफीच्या पंगतीत वाढपी काही पानांपाशी थांबतच नाही. त्या पानांवर कोण बसलंय? अफरातफर करणारा, पोटगी बुडवणारा, दारू पिऊन गाडी कुणाच्या अंगावर घालणारा. आणि त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेला, शिकायला कर्ज काढलेला पोरगा. त्याला तिथे १९७६ च्या कायद्याने बसवलं. तेव्हा पाच वर्षं कळ काढली की वाढत असत. १९९० मध्ये पाचाची सात झाली, १९९८ मध्ये मुदतच उडवली.

आता एकच वाट उरली: 'अवाजवी हाल' सिद्ध करा. त्यासाठी वेगळा दावा लावायचा, म्हणजे खिसा रिकामा आहे हे सांगायला आधी वकिलाचा खिसा भरायचा. मग तोंडी परीक्षा. १९८७ च्या ब्रुनर खटल्यापासून बहुतेक कोर्टांत प्रश्न ठरलेले. हप्ते भरून किमान जगता येतं का? ही दैना पुढेही टिकेल ना? फेडायची प्रामाणिक खटपट केलीत ना?

बरेचजण दुसऱ्या प्रश्नाला गार होतात. काही न्यायाधीशांना तर 'निराशेची खात्री' हवी असते. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?' याला नोकरीच्या मुलाखतीत जे ठोकून देतो, त्याच्या बरोबर उलट इथे सांगायचं. खुद्द ब्रुनरबाई समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन वर्षाच्या आत कोर्टात गेल्या. नोकरी मिळत नाही, म्हणाल्या. कोर्टाला दिसलं ते एवढंच, की बाई धडधाकट आहेत आणि चांगल्या शिकलेल्या आहेत. हरल्या. शिक्षण असं अंगाशी येतं!

२०२२ मध्ये सरकारने हे सोपं केलं. म्हणजे फॉर्म काढला. हाल आता रकान्यांत भरता येतात.

हसू नका. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याचं कलम ७९ काढा. वगळलेली देणी: कोर्टाचा दंड, निष्काळजीपणाची भरपाई, पोटगी आणि शैक्षणिक कर्ज. शेजारीपाजारी जवळपास तेच! शिवाय आपल्याकडे कर्जावर पोराच्या सहीखाली बापाची सही असते, आणि रक्कम मोठी असेल तर घराचे कागदही बँकेत.

फरक एवढाच, की व्यक्तींच्या दिवाळखोरीचा हा भाग अजून कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालाय. बाकीच्यांचे पाट मांडलेत, पानांवर पाणीही फिरवून झालंय. वाढपी मात्र अजून मुदपाकखान्यात आहे. तो येईल तेव्हा कुठलं पान ओलांडायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवलंय.