मोकळ्या जागेला वारस फार

“बतुकम्मा कुंटा बघून आलीस का गं?” कंपाऊंडच्या भिंतीवर मेथीची जुडी सोडत काकूंनी सुरुवात केली.

“नाही अजून.”

“मग काय करायलीस घरी बसून? बरकतपुऱ्याहून अंबरपेठ म्हणजे काय काशी-रामेश्वर आहे?”

हैदराबादच्या आमच्या गल्लीत बातमी आधी भिंतीवर येते, मग पेपरात. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे काकू आणि समोरच्या गॅलरीत अक्का. काकूंचं मराठी नांदेडचं, अक्कांचं तेलुगू वरंगलचं. दोघींचं अडलं की दखनी आहेच.

अक्कांच्या सासूबाई याच कुंट्यावर, म्हणजे छोट्या तळ्यावर, बतुकम्मा घेऊन जायच्या. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तरवड, कुरडू, झेंडू असं सगळं ताटात रचायचं, भोवती फेर धरायचा आणि ती फुलांची रास पाण्यात सोडायची.

“आपला भोंडला अंगणात पाट मांडला की झाला,” काकू म्हणाल्या. “यांच्या बतुकम्माला पाणीच लागतं. म्हणून तळं कुठं होतं ते बायकांना पक्कं ठाऊक. पटवाऱ्याला विचारायला नको.”

पण पटवाऱ्याचा कागदही बायकांच्या बाजूनेच निघाला. १९६२-६३ च्या नोंदीत हा कुंटा १४ एकरांवर होता. उरला तो ५ एकरांच्या आसपास. बाकीच्या जागेवर घरं उठली, गल्ल्या पडल्या. उरलेल्या तुकड्यावर वर्षानुवर्षं मलबा पडत राहिला आणि पाणी पार गाडलं गेलं. मग ‘ही जमीन माझीच’ म्हणणारेही निघाले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

“पाणी होतं तोवर एकही मालक नव्हता बघ,” काकूंनी मेथीचं देठ मोडलं. “पाणी बुजलं आणि मालक उगवला!”

जुलै २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने तळी, नाले, उद्यानं आणि सरकारी जमिनी राखायला ‘हायड्रा’ नावाची यंत्रणा उभी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचे जेसीबी अंबरपेठेत आले. चार-पाच फूट खणलं नाही तोच खालून पाणी वर आलं. झालं! नळ फुटला, मोठी पाइपलाइन फुटली, असा गावभर बोभाटा. पाणी तपासलं तर ते नळाचं नव्हतंच, जमिनीतलं होतं. पुढे सात कोटींवर खर्च करून काठ बांधला, पायवाट केली, झाडं लावली. उद्घाटन ठरलं होतं २६ सप्टेंबरला. नेमका तेव्हाच असा पाऊस कोसळला की मुसी नदीचं पाणी थेट इमलीबनच्या बसस्टँडात शिरलं. शेवटी २८ सप्टेंबर २०२५ ला, बतुकम्माच्याच दिवसांत, मुख्यमंत्री रेवंत रेड्डींच्या हस्ते तळं खुलं झालं.

“२८ सप्टेंबर?” काकूंचे हात थांबले. “अगं, १९०८ चा मुसीचा महापूर त्याच तारखेचा!”

काकूंच्या सासऱ्यांची हयात निजामाच्या महसूल खात्यात गेली, त्यामुळे सेतवार, पहाणी, शिकम हे शब्द त्यांच्या घरात डाळ-तांदळासारखे. शिकम म्हणजे तळ्याच्या पोटातली जमीन. कागदावर शिकम लिहिलेलं असेल, तर वर कितीही मजले चढवा, खाली तळंच. १९०८ च्या त्या पुरात हजारो माणसं गेली. मग अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं, उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले, १९१२ मध्ये शहर सुधारणेचं बोर्ड बसलं. त्याच सुमाराला लिओनार्ड मन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सगळ्या शहराचे नकाशे काढले. घरं, बागा, विहिरी, सगळं त्यात आहे. आज आपण ज्याला पार्किंग म्हणतो, तिथं त्या नकाशात बावडी दिसते.

“एवढे कागद होते, तर मग तळी गेली कशी?” मी विचारलं.

“कागद फडताळात आणि टेम्पो रस्त्यावर! कोण जिंकणार?”

मग काकूंनी बोटांवर मोजत कब्जाची बाराखडीच म्हणून दाखवली. पहिल्यांदा रात्री मलब्याचा एक टेम्पो येतो. कुणी काही बोललं नाही तर दुसरा. मग पत्र्याचं कुंपण पडतं, त्यावर रंगवलेला बोर्ड लागतो: ‘ही जागा अमक्याची, केस कोर्टात चालू’. आत एक खोपटं आणि राखणदार. मग विजेचं मीटर. मग घरपट्टीचा नंबर. एकदा घरपट्टीची पावती हातात आली की माणूस मालकाच्या थाटात बोलायला लागतो.

“आणि आता हे कब्जे हटवायचे म्हणजे गरिबांची घरं पाडायची का?” अक्कांनी गॅलरीतून विचारलं. प्रश्न खरा होता. अंबरपेठेत राहती घरं हलवली नाहीत, उरलेल्या तुकड्यावरच तळं केलं. पण सगळीकडे असं झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमीनपूरला रविवारी पाडापाडी केली म्हणून उच्च न्यायालयाने हायड्राला चांगलंच फैलावर घेतलं. ज्यांनी बँकेचं कर्ज काढून घर घेतलं, त्यांना कुठं माहीत होतं की दिवाणखान्याखाली शिकम आहे? विकणारा पैसे घेऊन केव्हाच पसार. म्हणून पहिला टेम्पो येतो तेव्हाच ओरडायला हवं. वीस वर्षांनी ओरडलं की कुणाचं तरी छप्पर जातं.

“आणि सरकारचं काय?” अक्का आता रंगात आल्या होत्या. “इथं तळं खोदायचं, तिथं गच्चीबावलीत रान तोडायचं!” तेही २०२५ चंच. कंचा गच्चीबावलीची ४०० एकर जमीन आयटीसाठी द्यायची म्हणून बुलडोझर लावले. शेजारच्या विद्यापीठाची पोरं आडवी झाली आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. सरकारच्या हिशेबी ती जागा रिकामी होती. हरणांच्या आणि मोरांच्या हिशेबी नव्हती.

बन्सीलालपेठेची पायऱ्यांची विहीरही सिकंदराबादच्या लोकांच्या हिशेबी कचराकुंडीच झाली होती. सतराव्या शतकातली ती विहीर कचऱ्याने तोंडापर्यंत भरली होती. पालिका आणि काही जिद्दी नागरिकांनी मिळून ती उपसली, आणि डिसेंबर २०२२ पासून लोक ती बघायला येतात.

बोलता बोलता आम्ही तिघींनी एकदमच मान वळवली ती कोपऱ्यावरच्या पडक्या बंगल्याकडे. भावाभावांचा दावा चालू, गेटला गंजलेलं कुलूप, भिंतीतून पिंपळ आलेला, मागच्या आडात मच्छरांची वसाहत. गेल्या आठवड्यात गेटसमोर मलब्याचा ढीग पडला. कुणी टाकला, कुणी पाहिलं नाही.

“भावांना म्हणावं, भांडा खुशाल,” काकू म्हणाल्या. “पण निकाल लागेपर्यंत पोरांना खेळू द्या की! आड उपसून गच्चीचं पावसाचं पाणी त्यात सोडू.”

“ते देणार नाहीत,” मी म्हटलं. “एकदा लोक आत शिरले की बाहेर निघत नाहीत, ही भीती.”

भीती अगदीच खोटी नाही. खासगी जमिनीवर १२ वर्षं उघड उघड, मालकाला न जुमानता ताबा ठेवला, तर मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जातो. सरकारी जमिनीला ही मुदत ३० वर्षं आहे. पण मालकाच्या परवानगीने वापर केला, तर तो विरोधातला ताबा ठरत नाही. तेव्हा साध्या कागदावर लिहून घ्यायचं: अमुक महिन्यांसाठी, फक्त झाडं लावायला आणि खेळायला, मालकी तुमचीच, सांगाल तेव्हा रिकामं करू. सर्व वारसांच्या सह्या, आपल्या सह्या. भावांची भीती जाते आणि मलबा टाकणाऱ्याला कळतं की इथं राखण आहे.

“चौघा भावांच्या सह्या एका कागदावर?” काकू हसल्या. “त्यापेक्षा मुसी स्वच्छ होणं सोपं!”

तरी काकूंनीच वही काढली. गल्लीतल्या मोकळ्या आणि पडक्या जागांची यादी. कोपऱ्यावरचा बंगला, शाळेमागचा तुकडा, लेआउटमध्ये बगीच्यासाठी सोडलेला आणि आता गाड्यांनी भरलेला चौकोन. प्रत्येकापुढे जुनं नाव, किती गज, मालक कोण म्हणतात, विहीर होती का. विहिरींचं खातं अक्कांकडे. मला काम मिळालं फोटो काढायचं. जमिनीच्या नोंदींचं धरणी पोर्टल गेलं, एप्रिल २०२५ मध्ये भूभारती आलं, पण तो सगळा मुख्यतः शेतजमिनीचा कारभार. आपल्या गल्लीतल्या तीनशे गजांची काळजी आपल्यालाच.

तर वाचकहो, तुमच्याही गल्लीत अशी एखादी जागा असेलच. अंबरपेठेला तळं मिळालं ते दोन गोष्टींमुळे: कागद जुना होता आणि लोक विसरले नव्हते. यातली दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. सर्व्हे नंबर शोधा, रजिस्ट्री ऑफिसातून ईसी (जागेच्या व्यवहारांचा दाखला) काढा, लेआउटची नक्कल मिळवा. मलब्याचा पहिला ढीग दिसला की तारखेसह फोटो काढा. जागा सरकारी असेल, तळ्याची किंवा बगीच्याची असेल, तर राणीगंजच्या बुद्ध भवनात सोमवारी तक्रारी ऐकणारी हायड्राची प्रजावाणी असते, तिथं जा. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.