थयथयाट आणि खडे बोल

शेजारच्या सरकारवर तिसऱ्या देशाने आरोप केला की आरोपाची बातमी होते. आपल्या सरकारवर केला की उत्तराची बातमी होते. भारतातल्या परराष्ट्र-वृत्तांकनाचा हा मूळ नियम. बाकीचे सगळे त्याचे पोटनियम.

पहिला पोटनियम क्रियापदांचा. आरोप झाला की पाकिस्तानला 'दणका' बसतो, त्याचा 'बुरखा फाटतो' आणि त्याची 'पाचावर धारण बसते'. त्याने आरोप नाकारला, तर तो 'थयथयाट' ठरतो. फारच जोरात नाकारला, तर 'उलट्या बोंबा'. आपले सरकार आरोप नाकारते तेव्हा मात्र ते 'खडे बोल सुनावते'. प्रत्यक्षात दोन्हीकडे एकच गोष्ट घडलेली असते: परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने कागदावरची चार वाक्ये वाचून दाखवलेली असतात. 'कथित' हे विशेषण नाजूक असल्याने ते फक्त घरगुती वापरासाठी राखून ठेवतात.

दुसरा पोटनियम क्रमाचा. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय धार्मिक स्वातंत्र्य आयोगाने 28 एप्रिल 2020 रोजी वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. 'विशेष चिंतेचे देश' म्हणून 14 नावांची शिफारस त्यात होती. पाकिस्तानचे नाव होते, तसे भारताचेही होते. परराष्ट्र मंत्रालयाने अहवाल पक्षपाती ठरवला, आयोगालाच विशेष चिंतेची संस्था म्हटले आणि त्याच्या सदस्यांतही एकमत नसल्याकडे बोट दाखवले. मतभेद खरोखरच नोंदवलेले होते. अशा बातमीचा मथळा 'फेटाळला' या शब्दावर उभा राहतो. नेमके काय फेटाळले, ते तिसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकून राहणाऱ्या वाचकाला कळते. पाकिस्तानवरचे पान मात्र शंकेपलीकडचे असते. एकाच संस्थेने, एकाच दिवशी, एकाच पुठ्ठ्यात बांधलेला अहवाल अर्धा पुरावा आणि अर्धा कट कसा असू शकतो, हा प्रश्न संपादकीय बैठकीत सहसा निघत नाही.

तिसरा पोटनियम हंगामाचा. दहशतवादाला होणाऱ्या अर्थपुरवठ्यावर नजर ठेवणाऱ्या 'एफएटीएफ' या संस्थेने जून 2018 मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकले. संस्थेची सर्वसाधारण बैठक वर्षातून तीनदा भरते. त्यामुळे 'पाक काळ्या यादीत जाणार?' हे पीकही वर्षातून तीनदा घेता येऊ लागले. आधी 27 आणि 2021 मध्ये आणखी 7 अशा 34 मुद्द्यांवर काम झाल्यावर ऑक्टोबर 2022 मध्ये पाकिस्तान करड्या यादीतूनही बाहेर पडला. काळी यादी आलीच नाही. प्रश्नचिन्ह मात्र चार वर्षे कामाला लागले होते.

चौथा पोटनियम आरोप करणाऱ्याच्या चारित्र्याचा. पाकिस्तानने 15 वर्षांत 33 अब्ज डॉलरहून अधिक मदत घेऊन बदल्यात खोटेपणा आणि फसवणूकच दिली, असे डोनाल्ड ट्रम्प यांनी 1 जानेवारी 2018 रोजी ट्विटरवर लिहिले. तेव्हा ते महासत्तेचे अध्यक्ष होते. जुलै 2025 मध्ये त्यांनी रशियाबरोबर भारताचीही अर्थव्यवस्था 'मृत' ठरवली, तेव्हा ते लहरी होते. अध्यक्षपद तेच होते. मधल्या काळात आरोपीचा पत्ता बदलला होता.

हा नियम भारताने शोधला, असे म्हणणे शेजाऱ्यावर अन्याय करणारे ठरेल. डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेने धार्मिक स्वातंत्र्यावरून पाकिस्तानला 'विशेष चिंतेचा देश' घोषित केले, तेव्हा इस्लामाबादने ते एकतर्फी आणि राजकीय हेतूने प्रेरित म्हणून झिडकारले. कॅनडाने सप्टेंबर 2023 मध्ये शीख फुटीरतावादी हरदीपसिंग निज्जर याच्या हत्येत भारतीय हस्तकांचा हात असल्याचा आरोप केला, तेव्हा नवी दिल्लीने तो हास्यास्पद आणि हेतूने प्रेरित ठरवला. ऑगस्ट 2019 मध्ये पाकिस्तानने भारताशी व्यापार थांबवला. कांदे-टोमॅटो अडले, पण 'हेतूने प्रेरित' हा माल दोन्ही बाजूंनी विनाशुल्क येत-जात राहिला.

या व्यवस्थेत वाचक अज्ञानी मुळीच राहत नाही. पाकिस्तान सरकारने अहमदियांचे काय केले, हे भारतीय वाचकाला पाठ असते. भारत सरकारचे काय चुकले, याचा तितकाच अभ्यास लाहोरच्या वाचकाचा असतो. तेव्हा स्वतःच्या सरकारविषयी जाणून घेण्याचा सरळ उपाय म्हणजे शेजाऱ्याच्या बातम्या पाहणे. पण पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये भारताने 16 पाकिस्तानी यूट्यूब वाहिन्या बंद केल्या, आणि भारतीय कार्यक्रमांवर पाकिस्तानातही बंदी आहे. त्यामुळे सध्या दोन्हीकडच्या वाचकांना आपापल्या सरकारच्या खड्या बोलांवरच भागवावे लागते.