दोन बोटं सोडून

डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कुठल्याही सोसायटीत हे काका सापडतात. नाव ठाऊक नसलं तरी अडत नाही. 'खिडकीत भाजी बुडवून ठेवतात ते' एवढं म्हटलं की वॉचमन मजला सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले, रक्तातली साखर जेमतेम काठावर. पूर्वी स्वयंपाकघरात यायचे ते रिकामा कप ठेवायला. आता ओट्यापाशीच उभे असतात. काकूंनी पातीचा कांदा चिरायला घेतला की मागून आवाज येतो, "अगं, दोन बोटं सोडून! मुळाकडची दोन बोटं!"

ती दोन बोटं म्हणजे काकांचा मळा. श्रीखंडाचे डबे, जॅमच्या बाटल्या, कोल्ड्रिंकची मधोमध कापलेली बाटली, आणि काकूंनी संक्रांतीच्या वाणासाठी आणलेल्या डब्यांपैकी हळदीकुंकवाच्या दिवशी कमी भरलेले सगळे डबे. प्रत्येकात बोटभर पाणी आणि त्यात उभे बुडखे. पातीच्या कांद्यावर काकांचा विशेष जीव, कारण तो चारचौघांत लाज राखतो. दुसऱ्या दिवशी मधून हिरवं टोक वर येतं, आठवड्याभरात वीतभर पात होते. काका ती कात्रीने कापून पोह्यांवर घालतात आणि समोर बसून तुमच्या जबड्याकडे बघत राहतात.

"काही वेगळं जाणवतंय?"

जाणवत काही नसतं. नुसत्या पाण्यावर तिसऱ्यांदा फुटलेल्या पातीला चव ती काय असणार? बुडख्यात होती नव्हती ती शिदोरी आधीच्या फुटव्यांनी संपवलेली असते. पण पोह्यांनंतर चहा हवा असेल तर "घरची दिसतेय" म्हणणं भाग असतं.

मग वही निघते. 'पात, तिसरी काढणी, बचत 10 रुपये.' जन्मभर दुसऱ्यांची खाती तपासलेल्या या माणसाच्या वहीत खर्चाची बाजू मात्र नाही, आणि ती का नाही हे मंडईत कळतं. लोक जुडीची पात बघतात, काका जुडी उलटी करून मुळं बघतात. भाजीवाली मावशी गिऱ्हाइकाचं काम हलकं व्हावं म्हणून मुळं छाटून देते, तर हे ओरडतात, "राहू दे, राहू दे!" घरी दोन जुड्या पडून असल्या तरी तिसरी येते, कारण काय तर तिची मुळं पांढरीशुभ्र होती. मुळं काकांची, वरची भाजी संपवायची जबाबदारी काकूंची. त्या घरात पातीच्या कांद्याची पीठ पेरून भाजी किती वेळा होते, हे काकूंच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

बाकीची पिकं एवढी समजूतदार नाहीत. गाजराचा देठाकडचा काप बशीत ठेवला की वर छान पाला येतो, आणि काका खाली गाजर कधी धरतंय याची वाट बघतात. गाजर हे मुळात मूळच, आणि ते तर कोशिंबिरीत गेलेलं. त्या कापातून पाला येईल, फार तर फुलं येतील, गाजर नाही. कोथिंबिरीने त्यांना कधीच दाद दिली नाही. धणे जुन्या चपलेने रगडून त्यांच्या फाका करून झाल्या, तरी वाफा कोराच. आलं जमिनीत आठ-नऊ महिने घेतं, काका दर रविवारी उकरून बघतात. अननसाचा शेंडा हॉलमधल्या कुंडीत आहे. फळ धरायला दीड-दोन वर्षं लागणार, तोवर तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला टोचत राहतो.

खरा राग आहे तो लासलगाववर. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली 'कृषक' नावाचं केंद्र उभारलं, तिथे कांद्यावर गॅमा किरण सोडतात. ही बातमी कुणीतरी काकांना पुरवली. तेव्हापासून टोपलीतला एखादा कांदा गप्प बसून राहिला की काका म्हणतात, "मारलेला दिसतोय." देशाच्या अणुशक्तीशी खिडकीतून लढणारा हा माणूस आहे.

काकू कोकणातल्या. त्यांच्या माहेरी मोरीच्या सांडपाण्यावर अळू माजलेलं असायचं आणि विहिरीकडेला गवती चहा. "त्याला कोणी प्रयोग म्हणत नव्हतं," एवढंच त्या बोलतात. काका मग श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा दाखला देतात, पण दाभोळकरांचं पुस्तक पहिल्या प्रकरणातल्या बसच्या तिकिटापुढे सरकलेलं नाही.

पावसाळ्यात पालिकेची आरोग्यसेविका टॉर्च घेऊन येते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास तयार होतो. काका छाती पुढे काढून सांगतात, "मी रोज पाणी बदलतो." ते खरंही असतं, पडद्यामागे विसरलेली पुदिन्याची बाटली सोडली तर. "काका, यात काय वळवळतंय?" काका चष्मा पुसून बघतात आणि म्हणतात, "मुळं असतील." ताई बाटली बेसिनमध्ये उपडी करतात, पुढच्या घरी जातात.

दिवाळीनंतर काका पंधरा दिवस मुलीकडे बंगळूरला गेले. काकू भिशीचं कारण सांगून मागे राहिल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी खिडकीतली सगळी पात मुळासकट काढली, पिठल्यात घातली आणि डबे घासून पालथे घातले. रोज फोन यायचा, "कसं आहे सगळं?" "मस्त," काकू म्हणायच्या. "बघू जरा, दाखव." "अहो, आज रेंज नाहीये."

काका यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मंडईतून दोन ताज्या जुड्या आणल्या, दोन बोटांऐवजी वीतभर पात ठेवली आणि डब्यांत उभ्या करून टाकल्या. काकांनी बॅग दारातच टाकली. एकेक बुंधा चिमटीत धरून बघितला, बराच वेळ बघितला, आणि वही उघडली.

'पाणी रोज बदलू नये. बुंधा जाड होतो.'