रिटर्न

(रंगमंचावर एक बाक. बाई पर्स पोटाशी धरून येते आणि बाकाच्या अगदी टोकाला अर्धीच टेकते.)

अशी बसले की मला बरं वाटतं. पूर्ण बसले की कुणाची तरी जागा खाल्ल्यासारखं वाटतं. लोकलमधली चौथी सीट! बघा, बायका हसल्या. पुरुष एकमेकांना विचारतायत, काय झालं?

५ मे १९९२. चर्चगेट ते बोरिवली, लेडीज स्पेशल सुरू झाली. जगातली पहिली! पण आम्ही पडलो कांदिवलीच्या. गाडी बोरिवलीलाच भरलेली. म्हणून आमची नलूताई काय करायची? चारकोपहून रिक्षाने स्टेशन, उलट्या गाडीने बोरिवली, तिथे विंडो पकडायची आणि बसल्या बसल्या कांदिवलीला आम्हाला टाटा करायची. रिटर्न! आणि ज्या दिवशी रिटर्न चुकेल, त्या दिवशी बसलेल्या बाईसमोर उभं राहून नुसतं... (हनुवटी उचलते, भुवया उडवते.) समोरची म्हणते, "अंधेरी." "माझी!" झालं रजिस्ट्रेशन. म्हाडाची लॉटरी एवढी चोख नसते.

तर आम्ही गाडीतल्या चौघी बँकॉकला गेलो. २०२४ चा पंधरा ऑगस्ट आला गुरुवारी, शुक्रवारची रजा टाकली. त्याच्या आदल्या नोव्हेंबरपासून थायलंडने आपल्याला व्हिसा माफ केलेला. पासपोर्ट घेतला आणि चालू पडलो. मला डोंबिवलीला माहेरी जायला याहून जास्त परवानग्या लागतात.

तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. म्हणजे सवयीने मला साडेपाचला जाग आली, पाणी भरायला उठले, बघते तर सात! तीस वर्षं संसार करून पहिल्यांदा सातला उठले, आणि सासूबाईंना खरं सांगू शकले, "हो हो, साडेपाचलाच उठले."

नाश्त्याला आंबा आणि भात. त्यावर नारळाचं दूध. नलूताईने एक घास घेतला. (नाकातून) "महावीर नगरला ह्याहून बरं मिळतं!" अगं, महावीर नगरला पावभाजी मिळते! "बरी मिळते!"

हॉटेलजवळ एरावनचा ब्रह्मदेव. आपल्याकडे त्याला कोण विचारतं? तिथे उदबत्त्या, माळा, नवस फेडायला नाचणाऱ्या मुली. चार तोंडांचा देव आणि आम्ही चौघी, प्रत्येकीला एक स्वतंत्र खिडकी. तरी नलूताई नवस बोलून झाल्यावर माझ्या खिडकीवर आली. "तुझा संपला का?"

मग शनिवार. चाटुचाकचा बाजार, शनिवार-रविवारी पुरा भरतो. मो चितला उतरायचं, म्हणून चित लोम स्टेशनवर आलो. स्कायट्रेन आली, गच्च. माणसं रांगेत उभी, आधी उतरू देतायत, मग चढतायत. आम्ही चौघी घाबरलो. असं कसं चढायचं? धक्का कोण देणार?

नलूताईने नकाशा बघितला. "बोरिवली कुठाय हिचं?"

शेवटचं स्टेशन, खेहा.

"चला. रिटर्न."

बसलो उलट्या गाडीत. अर्धा तास गेला. पाऊण तास. उंच इमारती संपल्या, मॉल संपले, बँकॉकसुद्धा संपलं! प्रांत बदलला, समुत प्राकान आलं! एका सीटसाठी आम्ही जिल्ह्याबाहेर. खेह्याला गाडी रिकामी झाली. नलूताईने पर्स फेकली, रुमाल फेकला, आम्हाला फेकलं. चौघींना जागा! आणि मग तिचा चेहरा पडला.

"विंडो कुठाय?"

सगळ्या सीट भिंतीला पाठ लावून. एवढं दूर येऊन अख्ख्या गाडीला चौथी सीट!

पुढे गर्दी वाढली. एक थाई आजी आली. ऐंशीची असेल, हातात कोथिंबिरीची पिशवी. नलूताईसमोर उभी राहिली आणि... (हनुवटी उचलते, भुवया उडवते.)

नलूताई सटपटली. "मो... मो चित."

आजीने मान डोलावली, मागे वळून सगळ्या डब्याला काहीतरी सांगितलं. बुकिंग झालं!

एक सांगू? ह्या बायकांना मी किती वर्षं ओळखते. कुणाला कसली गोळी चालू आहे, कुणाच्या सुनेचं काय बिनसलंय, सगळं पाठ. आमच्यातल्या एकीचे मिस्टर गेले. दिवस झाल्यावर ती गाडीत आली. कुणी काही बोललं नाही. तिच्या वाटणीची मेथी आम्ही निवडली. पण एकमेकींना आडवं झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. बसल्या जागी डुलक्या, तेवढंच. त्या रात्री हॉटेलात चौघी हातपाय पसरून पडल्या. मला दिवा मालवावासाच वाटेना.

(थांबते.)

तेवढ्यात नलूताई घोरायला लागली. विरार फास्ट! कांदिवलीला थांबतच नाही!

रविवारी वाट फो. निजलेला बुद्ध, ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, नखशिखांत सोनेरी. आम्ही नलूताईकडे बघितलं. ती म्हणाली, "महावीर नगरला..." (बराच वेळ विचार करते.) "...एवढा हॉल मिळत नाही."

आता माझं दुखणं ऐका. माझा नवरा पंपांच्या डीलर मीटला बँकॉकला गेला होता. चार दिवस. आला तेव्हा मोबाइलमध्ये एकच फोटो. हाच बुद्ध. "काय बघितलंत?" "बुद्ध. फार शांत वाटलं." आता मी स्वतः चालले ना! तळपायापासून डोक्यापर्यंत, मागच्या बाजूच्या १०८ भांड्यांत एकेक नाणं टाकत, नलूताईचा गुडघा सांभाळत. पाऊण तास! चार दिवस वजा पाऊण तास... (प्रेक्षकांत बोट दाखवत) काका, हसू नका. काकू गणित करतायत.

परतीला सुवर्णभूमी विमानतळावर भलं मोठं समुद्रमंथन. देव एका बाजूला, असुर दुसऱ्या बाजूला, मध्ये वासुकी. नलूताईने चपला काढून नमस्कार केला. "अमृत कुठे ठेवलंय गं?" मी म्हटलं, पुढे, ड्युटी फ्रीमध्ये.

घरी आले. नवऱ्याने दार उघडलं. "मग? काय काय बघितलंस?"

मी मोबाइल पुढे केला. एकच फोटो. "बुद्ध. फार शांत वाटलं."

तेव्हापासून माणूस झोपलेला नाही. रात्री अडीचला मला हलवून विचारतो, "अगं, अजून काय बघितलंस?"

मी कूस बदलते. (नाकातून) "महावीर नगरला मिळत नाही!"

(अंधार.)